एका खिळ्याची मुदत

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मागच्या खोलीत भिंतीवर तीन ठोके पडले आणि मंदाकिनीबाईंच्या मांडीवरची मेथी जमिनीवर सांडली. ठोके कुणी घातले हे विचारायची गरज नव्हती. मागच्या खोलीत हिमानी भाड्यानं राहत होती, बाकीच्या घरात मंदाकिनीबाई, आणि तिसरं माणूस ह्या घरात सहा वर्षांपासून नव्हतं. तरीसुद्धा पहिल्या क्षणी त्यांना वाटलं की आता हे येतील. गालावरचा साबण तसाच ठेवून उत्तमराव बाथरूममधून बाहेर येतील, आवाज न चढवता विचारतील, खिळा कुणी मारला? आणि आपण नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटू. सुभेदार उत्तमरावांनी आयुष्यात बायकोवर कधी आवाज चढवला नाही. तशी वेळच आली नाही. मंदाकिनीबाईंनी ती येऊ दिली नाही. चौथा ठोका पडला तेव्हा त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला. निवडलेल्या मेथीवर पाय पडला, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या ह्या घराला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षांत त्याच्या भिंतीत एकही खिळा गेला नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. घड्याळ फ्रिजवर, भिंतीला टेकून. उत्तमरावांचा फोटो शोकेसवर उभा, आणि फोटो टेकवलेला असल्यामुळे चंदनाच्या हाराचं टोक खाली फळीवर वेटोळं होऊन पडलेलं. शेजारच्या शेखावतबाई आल्या की म्हणायच्या, आपकी दीवारें तो जैसे कल ही पुती हों. भिंती जणू कालच रंगवल्या, हे मंदाकिनीबाई कौतुक म्हणून घ्यायच्या. ह्या भिंती कुणाच्या हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. एकोणतीस वर्षं त्या ज्या भिंतींमध्ये राहिल्या त्या सरकारच्या होत्या. पठाणकोट, झाशी, जबलपूर, सिकंदराबाद, परत पठाणकोट, शेवटी जयपूर. क्वार्टर मिळालं की पहिल्या दिवशी सामानाची यादी हातात यायची: पंखे दोन, बल्ब चार, टेबल एक, खुर्च्या दोन, खिडकीची तावदानं सगळी शाबूत. सोडताना हीच यादी घेऊन बॅरेक स्टोअरचा बाबू यायचा आणि एकेक वस्तू बोट लावून ताडून बघायचा. त्याला मार्चिंग आउट म्हणायचे. माणसं कवायत करत बाहेर पडावीत तसं घर सोडायचं, मागे डाग नाही, ओरखडा नाही, तुम्ही इथं राहिलात ह्याचा पुरावा नाही. अंगणातसुद्धा मेथी आणि कोथिंबीर तेवढी पेरायची, कारण ती महिन्याभरात उगवते आणि पोटात जाते. एकदा सिकंदराबादला त्यांनी डाळिंबाचं रोप आणलं, तर उत्तमराव हसून म्हणाले, खाणार कोण? म्हणून त्यांनी ते शेजारणीला देऊन टाकलं. मग स्वतःचं घर झालं, आणि काळ्या ट्रंकांबरोबर ही सवयही आत आली. ह्या अंगणातही अजून मेथीच होती.

हिमानी खुर्चीवरून नुकतीच उतरत होती. हातात हातोडी, केसांवर चुन्याची भुकटी. भिंतीवर, बरोबर पलंगाच्या वर, एक लाकडी ठसा लटकत होता. सांगानेरच्या ज्या छापखान्यात ती कापडावरची नक्षी काढायची नोकरी करायची, तिथला जुना ठसा, निळा पडलेला, कडा झिजलेल्या.

"काय गं हे?"

"काकीजी, ठसा आहे. त्याची धार गेली ना, मतलब, छाप नीट उमटत नव्हता. तिथल्या भैयांनी दिला, घेऊन जा म्हणाले."

"ठसा मला दिसतोय. मी खिळ्याचं विचारतेय."

हिमानीनं खिळ्याकडे पाहिलं. तो आत्ताच तिथं उगवल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. "एकच मारला," ती म्हणाली. "तुम्हाला विचारणार होते. पण खिळाच तर आहे, काकीजी."

ह्या पोरीचे आईवडील कोट्याचे. वडील तिथं कॉलेजात शिकवायचे, मूळचे अमरावतीकडचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख निघाली आणि खोली दिली. मराठी बोलायची ती अशी अडखळत, हिंदीच्या काठ्या टेकत, पण बोलायची. सकाळी सातला बससाठी निघायची, संध्याकाळी हाताला रंगाचा वास घेऊन यायची, आणि ओट्यावर मंदाकिनीबाईंच्या शेजारी उभं राहून पोळ्या लाटायची. आठ महिन्यांत तिच्याविषयी तक्रार करावी असं काही घडलं नव्हतं. मंदाकिनीबाईंना ती आवडायची, हे त्यांना आत्ता, खिळ्यासमोर उभं राहून, जास्तच जाणवलं आणि त्याचाही राग आला. खिळाच तर आहे. किती सहज म्हणाली. हे वाक्य म्हणायची हिंमत होण्यासाठी मनुष्याला कुठं जन्माला यावं लागतं?

"करारात तिसरं कलम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"भिंतीला काही करायचं नाही."

"आणि सातवं?"

हिमानीनं हातोडी पलंगावर ठेवली. "एक महिन्याची नोटीस. दोन्हीकडून."

"मग आजपासून धर."

एवढं बोलून त्या वळल्या. पाठीमागून पोर काहीतरी म्हणेल, माफी मागेल, रडेल, असं त्यांना वाटलं. तिनं मवाळपणे एवढंच विचारलं, "लेखी देणार ना, काकीजी? करारात लेखी म्हटलंय."

करार त्यांनी स्वतः करून घेतला होता. कलेक्टर कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टानं विचारलं होतं, माताजी, लडकी आपके साथ घर में ही रहेगी ना? तो पंद्रह दिन का नोटिस लिख देता हूँ, सब यही लिखवाते हैं. त्या म्हणाल्या, एक महिना. तो म्हणाला, आपका ही नुकसान है. त्या म्हणाल्या, पूरा महिना. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जबलपूर होतं. तिथून बदलीचा हुकूम आला तेव्हा सात दिवस मिळाले होते, मुलगा देवेंद्र गोवरानं फणफणलेला, बरणीत कैरीचं लोणचं अजून मुरायचं होतं. ती बरणी त्यांनी शेजारी दिली. आपल्या घरात जो राहील त्याचं लोणचं मुरायच्या आत त्याला कुणी उठवणार नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्या कलमाचा त्यांना अभिमान होता. आता तेच कलम वापरायचं तर कागद कुठं आहे, पेन कुठं आहे, सुरुवात कशी करायची. नोटिसा त्यांना आयुष्यभर आल्या. लिहायची ही पहिलीच. चि. हिमानी हिस, असं लिहिलं आणि खोडलं. मग दुसऱ्या कागदावर नुसतं नाव लिहिलं. आजपासून एक महिन्यात, म्हणजे चौदा जानेवारीला, खोली रिकामी करावी. कारण लिहायचं की नाही? खिळा मारल्यामुळे, असं लिहून वाचलं तर ते वेड्यासारखं दिसलं. तिसऱ्या कलमाचा भंग केल्यामुळे, असं केलं. सही केली. मंदाकिनी उत्तमराव, आणि आडनाव. हस्ताक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं.

हिमानीनं कागद दोन्ही हातांनी घेतला, मिळाली असं खाली लिहिलं, तारीख घातली. मग खुर्चीवर चढून तिनं तो कागद ठशाखाली, त्याच खिळ्यात खोचला. उद्धटपणा नव्हता त्यात. कागद ठेवायला दुसरी जागा नव्हती इतकंच, पण मंदाकिनीबाई दारातून बघत राहिल्या आणि त्यांना वाटलं, मी असं कधी केलं नाही. हुकूम आला की त्यांनी तो घडी घालून डब्यात ठेवला आणि भांडी पोत्यात भरायला घेतली.

त्यानंतरचे दिवस कसे जायचे असतात हे कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. ज्याला घरातून जायला सांगितलं त्याच्यासाठी चहाचं आधण किती ठेवायचं? हिमानी पूर्वीसारखीच सातला निघायची, येताना पालक आणायची, ओट्याशी उभी राहायची. फक्त आता दोघींच्या कोपरांमध्ये एक वीतभर जागा राहायची. थंडी वाढली. पहाटे रजईतून हात बाहेर काढवत नव्हता, आणि मंदाकिनीबाई पडल्या पडल्या पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकायच्या: पाण्याचा, चपलांचा, बॅगेच्या चेनचा. ती गेल्यावर हे आवाज जाणार. गेले तर गेले, त्या स्वतःशी म्हणायच्या. उत्तमरावांचा खोकला गेला, तोही सहन झाला. पण हे दोन्ही एका मापानं मोजता येईनात. उत्तमराव गेले ते दुपारी, वरण उकळत होतं तेव्हा, कसलीही मुदत न देता. हिला मात्र आपण स्वतः तारीख घालून दिली होती. खोलीचं दार उघडं असलं की येता जाता तो कागद दिसायचा, आणि त्यावरचं आपलं गोल अक्षर.

देवेंद्र मात्र खूश झाला. तो आणि त्याची बायको हर्षाली पुण्याला राहायचे, दर रविवारी त्याचा फोन यायचा. "बरं केलंस आई. आता दुसरी ठेवू नकोस. खोली रिकामी असली की पुढचं सोपं जातं." पुढचं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. पुढचं म्हणजे पुणे, हे दोन वर्षांपासून हवेत होतंच. कुणी ते म्हटलं नव्हतं आणि कुणी नाकारलंही नव्हतं. त्या नुसत्या हं म्हणायच्या. हं म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

डिसेंबर संपता संपता त्यांच्या मनानं घेतलं की खोली ताब्यात घेताना यादी पाहिजे. मार्चिंग आउटशिवाय घर सोडतात का? जुना नमुना बघावा म्हणून त्यांनी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगात उत्तमरावांचं नाव आणि नंबर. आत कागदांची पुडकी, दोन गणवेश, नॅप्थलीनचा वास, आणि तळाशी जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं, जड. हात लागताच ते काय आहे हे बोटांना आधी कळलं. त्यांनी लगेच लुगडं सोडलं नाही. थोडा वेळ मांडीवर घेऊन बसल्या. झाशी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. क्वार्टरमधला आरसा बेसिनवर सिमेंटनं बसवलेला, सहा फुटी जवानाच्या बेतानं; मंदाकिनीबाई चार फूट दहा इंच. टाचा उंच केल्या तर भांग दिसायचा, कुंकू दिसायचं, त्याखालचं काही नाही. म्हणून सदर बाजारातून त्यांनी हा लंबगोल आरसा आणला, शिसवी चौकटीचा, आणि उत्तमराव ड्युटीवर असताना खलबत्त्यातल्या बत्त्यानं, आपल्या उंचीवर, भिंतीत खिळा ठोकला. दुपारभर त्या आरशासमोर होत्या. विशेष काही केलं नाही. नाक बघितलं, हनुवटी बघितली, हसून बघितलं. वीस वर्षांची बाई आपलं तोंड सलग बघत होती. संध्याकाळी उत्तमराव आले, त्यांनी खिळा उपटला, आणि भोकात टूथपेस्ट भरून वर अंगठा फिरवला. भिंत पुन्हा सरकारी झाली. दोन वर्षांनी झाशी सोडताना तो बाबू आला, भिंतीवर हात फिरवत गेला, एका जागी थांबला, नखानं खरवडलं, भुकटी नाकाशी नेली आणि हसला. हवालदार साहब, दीवार के भी दाँत माँजते हो? उत्तमराव सावधान उभे होते. कानाच्या पाळ्या लाल. जबलपूर येईपर्यंत ते गाडीत मंदाकिनीबाईंशी एक शब्द बोलले नाहीत, आणि खिडकीशी बसून मंदाकिनीबाईंनी ठरवलं की पुन्हा कधी ह्या माणसाला आपल्यामुळे असं उभं राहावं लागायचं नाही. ते वचन त्यांनी पाळलं. बाबू राहिला झाशीला, क्वार्टर राहिलं सरकारला, आणि ह्या घरातसुद्धा, फरशा बसवताना, उत्तमरावांनी गवंड्याला हात डोक्याशी धरून दाखवलं, आरसा इथं. त्या शेजारी उभ्या होत्या. विटा भिजवायला बादलीनं पाणी त्यांनी घातलं होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत. वीस वर्षं आपल्या घरात त्या भुवयांपर्यंतच दिसत आल्या होत्या.

राग आला तो आधी उत्तमरावांचा आला. शोकेसवरच्या फोटोकडे बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुमची बदली संपली होती की हो." मग त्यांना त्या माणसाची दया आली, कारण तोही बिचारा घाबरलेलाच जगला, आणि तिच्यामागून जो राग आला तो स्वतःचा होता, आणि तो मात्र गेला नाही. ती पोर आठ महिन्यांत खिळा मारून मोकळी झाली, आणि मी तिला हाकललं. तो बाबू झाशीला राहिला नव्हताच. तो माझ्याबरोबर गाडीत बसून आला होता.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी त्यांनी झाशीचं सगळं सांगितलं. टूथपेस्टचं ऐकून हिमानी खळखळून हसली, मग त्यांचं तोंड बघून थांबली. "हिमानी, ती नोटीस मी परत घेते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "फाडून टाक. राहा तू."

हिमानी पोळी उलटत होती. ती तिनं उलटली, फुगू दिली, खाली काढली. "काकीजी, मी सांगानेरला खोली बघितली. छापखान्याच्या जवळच आहे, बसचा वेळ वाचेल. मलमास संपला की या म्हणाले. मी हो म्हणून बसले." डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इकडची माणसं मलमास पाळतात, त्या महिन्यात घर बदलत नाहीत, सौदा करत नाहीत. नोटिशीचा महिना नेमका तोच निघाला होता.

"नाही म्हणून सांग त्यांना."

"सांगू शकते." तिनं गॅस बारीक केला. "पण राहिले ना, तरी मला रोज वाटेल, आज मी काय केलं, काकीजींना चाललं का. मतलब, एकदा ऐकलं ते ऐकलंच ना."

मंदाकिनीबाईंइतकं हे कुणाला कळलं असतं? एकदा ऐकलं ते त्यांनी पंचेचाळीस वर्षं ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली, पोळीवर तूप घातलं, जरा जास्तच घातलं, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

शनिवारी, अकरा तारखेला, देवेंद्रचा फोन आला. रविवार नसताना आला म्हणून त्या दचकल्या. "आई, आनंदाची बातमी. मंगळवारी पार्टी येतेय घर बघायला. मलमास सुटतोय ना, मुहूर्ताचीच माणसं आहेत. दलाल घेऊन येईल बारा वाजता. मी त्याला सांगितलंय, भिंती बघा म्हटलं, वीस वर्षांत एक ओरखडा नाही."

"कुठलं घर?"

"आपलं, आई. मुरलीपुऱ्याचं."

घर मंदाकिनीबाईंच्या नावावर होतं. उत्तमरावांनी आपल्या हयातीतच करून दिलं होतं, तेवढं मात्र त्या माणसानं केलं होतं. "मला विचारलंस कधी?" त्या म्हणाल्या.

"अगं, आपलं बोलणं झालंच होतं की. तू हं म्हणायचीस. हर्षालीनं तुझी खोली सुद्धा तयार ठेवलीय. पूर्वेचं ऊन येतं."

त्या ऊन डोळ्यांपुढे आणू लागल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या खोलीत मला खिळा मारता येईल?"

"खिळा? आई, रंग आत्ताच काढलाय गं. आणि तिथं खिळा जात नाही, ड्रिल लागतं, हर्षालीला त्याची धूळ चालत नाही. तुला काय लावायचंय सांग, चिकटपट्ट्या मिळतात हल्ली चांगल्या."

"आज शनिवार. मंगळवारी पार्टी. म्हणजे तीन दिवस," त्या म्हणाल्या. "परक्या पोरीला मी महिना दिला, देवेंद्र. लेखी दिला. तू मला तीन दिवस देतोयस."

तो हसला. प्रेमानंच हसला. "तू काय भाडेकरू आहेस का, आई?"

नाही, त्या मनात म्हणाल्या, भाडेकरू असते तर माझ्याजवळ कागद असता. "मी नको म्हटलं तर?"

"तू कधी कशाला नको म्हटलंयस?" देवेंद्र म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की त्यांना मुलाचा राग येण्याऐवजी त्याची साक्ष पटली. पठाणकोटला नको म्हटलं नाही, डाळिंब देऊन टाकतानाही नको म्हटलं नाही. पोरानं जे बघितलं तेच तो धरून चालला होता. "आज म्हणते," त्या म्हणाल्या. "पार्टी पाठवू नकोस." पण तो ऐकत नव्हता. नुसतं बघून जाऊ दे गं, बघायला काय जातंय, असं म्हणत त्यानं फोन ठेवला.

त्या तीन दिवसांत त्यांनी देवेंद्रला परत फोन केला नाही. सांगून झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं आणि ते ऐकू गेलं नाही. एवढ्या वर्षांच्या हं हं नंतर एकदाच म्हटलेलं नको कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत सांगावं लागणार होतं. सोमवारी त्या चालत बाजारापर्यंत गेल्या आणि किराणा दुकानाच्या शेजारच्या हार्डवेअरमधून खिळ्यांची पुडी घेऊन आल्या. दुकानदारानं विचारलं, कितने इंच? त्यांनी बोट पुढे करून दाखवलं.

संक्रांतीला जयपूर जमिनीवर राहत नाही. सकाळपासून सगळी गल्ली गच्च्यांवर होती, लाउडस्पीकर लागले होते, आणि दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी पतंग कापला की सगळ्या गच्च्यांवरून एकदम आरोळी उठायची, वो काटा. मंदाकिनीबाईंनी हिमानीच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल," त्या म्हणाल्या, "मला जमलं नाही, तू बोल." मग यादी घेऊन दोघी मागच्या खोलीत उभ्या राहिल्या. पंखा एक. पलंग एक. टेबल एक, खुर्ची एक. तावदानं शाबूत. पोरीनं खोली लख्ख पुसून ठेवली होती, दोन बॅगा दाराशी, ठसा उतरवून ओढणीत बांधलेला. भिंतीवर नुसता खिळा होता, आणि त्यात अजून तो कागद. हिमानीनं पर्समधून टूथपेस्टची नवी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. "काकीजी, भोक बुजवायला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे हसत होते.

"त्यानं दात घास," मंदाकिनीबाई म्हणाल्या. खिळ्यातला कागद त्यांनी काढला, चार तुकडे केले. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी फाडताना बरं वाटलं. यादीच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, खिळा एक, आणि सही केली. "हातोडी बॅगेत घातलीस का?"

"वरच आहे."

"काढ. आणि रिक्षाला अजून अर्धा तास थांबव. स्टूल धरायला माणूस पाहिजे."

दलाल पावणेबाराला आला. त्याच्याबरोबर एक जोडपं होतं, नवरा सतत फोनवर, बायको मात्र नीट बघणारी. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत एक ठेंगणी म्हातारी, पदर खोचून, दातांत दोन खिळे धरून, भिंतीवर ठोके घालत होती आणि एक मुलगी तिच्या शेजारी इरकलीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उभी होती. स्टूल लागलंच नव्हतं. खिळा मंदाकिनीबाईंच्या कपाळाच्या रेषेत होता, जमिनीवर उभं राहून हात पोचत होता. पहिला खिळा वाकला होता. त्याच्याभोवती रुपयाएवढा पोपडा उडून आतली वीट दिसत होती, लाल, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच पाणी घातलेली. दुसरा सरळ जात होता.

"माताजी, ये क्या कर रही हैं," दलाल घाईघाईनं पुढे आला. "दीवार खराब हो जाएगी. पार्टी आई है."

मंदाकिनीबाईंनी दातांतले खिळे काढून हातात घेतले. "दीवार मेरी है," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मराठीत किंवा हिंदीत ह्याआधी कधी म्हटलं नव्हतं, आणि ते साधंच निघालं. त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं. "घर भी. बेचना नहीं है. तीळ के लड्डू रखे हैं, खाके जाइए."

दलालानं पुण्याला फोन लावला आणि तिकडून देवेंद्रचा आवाज आला तसा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. हात मोकळा नव्हता. "त्याला ऐकू दे," त्या म्हणाल्या, आणि फोनच्या समोरच शेवटचे चार ठोके घातले, एकेक मोजून. गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला. आई, कसला आवाज येतोय, असं फोन विचारत राहिला.

हिमानीनं लुगडं सोडलं. आरशाचा पारा कडेला थोडा उडाला होता, चौकट शाबूत होती. मंदाकिनीबाईंनी तो अडकवला, एका बोटानं सरळ केला आणि एक पाऊल मागे सरल्या. कपाळ होतं, नाक होतं, हनुवटी होती. गालावर विटेची भुकटी लागली होती. एवढी वर्षं हे तोंड कुठं राहत होतं कुणास ठाऊक. त्यांनी भुकटी पुसली नाही. मागून दलाल आरशात डोकावत होता, पण त्याला त्यात स्वतःच्या शर्टाची बटणंच दिसत होती.

"ये तो बहुत नीचे लगा दिया, माताजी," तो म्हणाला.

"बरोबर लावलाय," मंदाकिनीबाई आरशातून नजर न काढता म्हणाल्या. "ज्याला तोंड बघायचंय त्यानं वाकावं."